पोर्शन पुढं, लेकरू मागं

"कितवा धडा चालू आहे?"

शाळेच्या व्हरांड्यात पाऊल टाकल्या टाकल्या पाहुणा हा प्रश्न विचारतो. पाहुणा कधी तपासणीला आलेला साहेब असतो, कधी शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य, तर कधी सुट्टीला गावी आलेला शहरातला काका. मॅडम धड्याचा नंबर सांगतात. नंबर महिन्याच्या नियोजनाशी जुळला की पाहुणा मान हलवतो आणि वहीत सही करतो. मी हा प्रश्न वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे आणि आता तो मला सहन होत नाही. धडा कितवा, हे पुस्तकाचं पान सांगेल. माणसानं वर्गात जाऊन विचारायचं ते एकच : लेकरू कुठवर आलं?

वालूरच्या शेतकऱ्याला हा फरक समजावून सांगायची गरज नाही. परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यात हे गाव आहे. काळी जमीन; कापूस, सोयाबीन, तूर. पाऊस पडला म्हणून इथं दुसऱ्या दिवशी कुणी तिफण जुंपत नाही. वापसा येईपर्यंत थांबतात. मातीचा गोळा हातात घेतात, दाबून बघतात, चिकटतोय की फुटतोय ते पाहतात. चिखलात पेरलं तर फण मातीनं भरतात आणि बी दडपून जातं. पुन्हा तिफणीमागं चाड्यावर मूठ धरणारी बाई बैलांची चाल बघून बी सोडते. बैल रेंगाळले की तिची मूठ आवळते, सरळ निघाले की सैल होते. मूठ एका लयीत आणि बैल दुसऱ्या लयीत गेले, तर उगवण कुठं दाट होते, कुठं नुसती मोकळी तास राहते. आता बरीच पेरणी ट्रॅक्टरवर गेली, पण जाण तीच आहे. मूग दोन-सव्वादोन महिन्यांत घरात येतो आणि तुरीला सहा महिने लागतात, म्हणून तुरीला कुणी आळशी म्हणत नाही.

हाच शेतकरी शाळेच्या फाटकातून आत गेला, की "शेजारच्या इंग्लिश स्कूलात पुस्तक संपलं, तुमचं कधी संपणार?" असं विचारतो. मला वाईट वाटतं ते याचं. शेतात त्याला कळतं ते वर्गातही कळलं पाहिजे.

मागच्या पावसाळ्यात सेलू भागातल्या एका जिल्हा परिषद शाळेत दुसरीच्या वर्गात तासभर बसलो होतो. एक मुलगी फळ्यावरचं वाक्य वाचत होती. वाक्यात 'चारा' हा शब्द आला. तिनं आदल्याच ओळीत 'चार' वाचलं होतं, तोच च तिनं इथं लावला. चा... रा. तोंडातून बाहेर पडलेला शब्द तिला ओळखीचा वाटेना. पुन्हा वाचलं. पुन्हा तेच. मागून दोघा पोरांनी हात वर केले, एकानं तर उत्तर ओरडायला तोंड उघडलं. मॅडमनी त्याला हातानं थांबवलं आणि स्वतः काहीच बोलल्या नाहीत. मुलगी फळ्याकडं बघत राहिली. ओठ हलत होते. मग एकदम तिचा चेहरा उजळला. "चारा! म्हशीला टाकतेत त्यो!" आता तिच्या च चा उच्चार बरोबर होता, घरातला होता. मॅडम म्हणाल्या, "हं, पुढं वाच."

एवढंच घडलं. पण त्या दहा-बारा सेकंदांत मॅडम गप्प राहिल्या म्हणून ते घडलं. 'चार'मधला च आणि 'चारा'मधला च लिहायला एक, बोलायला दोन. त्यांतला कुठला कुठं लावायचा हे अक्षर सांगत नाही, शब्द ओळखता आला तरच कळतं. मेरी बड रो या अमेरिकी अभ्यासक बाईंनी पन्नास वर्षांपूर्वी वर्गांतल्या संभाषणांची मोजदाद केली होती. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि उत्तर आलं नाही तर दुसऱ्याकडं वळतात, असं त्यांना दिसलं. शिक्षक तीन सेकंद थांबू लागले तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद! त्यासाठी अनुदान लागत नाही, ॲप लागत नाही. फक्त पोर्शनचा धाक नसावा लागतो.

'अजून वाचता येत नाही?' असं पहिलीतल्या लेकराला विचारणाऱ्यांनी एकदा मराठी अक्षरं मोजावीत. इंग्रजी मुळाक्षरं २६. आपली व्यंजनं ३४ धरली, क्ष आणि ज्ञ बाजूला ठेवले आणि प्रत्येकाला बाराखडीची बारा रूपं दिली, तरी ४०८ आकार होतात. त्यावर जोडाक्षरं. एकटा र घ्या : 'सूर्य'मध्ये तो डोक्यावर चढतो, 'चक्र'मध्ये पायाशी तिरपा होतो, 'राष्ट्र'मध्ये काकपद होऊन बसतो आणि 'वाऱ्यावर' म्हणताना आणखी वेगळाच. सोनाली नाग या संशोधक बाईंनी कन्नड शाळांतल्या मुलांच्या वाचनाचा अभ्यास करून २००७ साली तो प्रसिद्ध केला. कन्नडही आपल्यासारखीच मात्रा आणि जोडाक्षरांची लिपी. कमी मुळाक्षरांच्या लिपीत जे काम वर्षभरात उरकतं, ते या लिपीत चौथीपर्यंत चालू राहतं, असं त्यातून पुढं आलं. म्हणजे तिसरीतलं लेकरू 'प्रत्येक' शब्दापाशी अडखळत असेल, तर ते मागं पडलेलं असेलच असं नाही. ते वाटेत असेल. वाटेत असलेल्या माणसाला धक्का दिला तर तो लवकर पोचत नाही, पडतो.

आता मिनिटाला किती शब्द वाचता येतात त्याचं बोलू. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू केलं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधे हिशेब यावेत, हे २०२६-२७ पर्यंत साधायचं, असं त्याचं उद्दिष्ट. उद्दिष्ट चांगलं आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. पण त्यात दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीसाठी किमान ६० शब्द असा आकडा आहे आणि शाळेपर्यंत येताना उद्दिष्टातला 'समजून' गळतो, आकडा तेवढा उरतो. मोबाइलवर घड्याळ लावायचं आणि पोराला पळवायचं. आता हे वाक्य बघा. 'माझ्या घरासमोरच्या झाडाखाली.' मराठीत झाले तीन शब्द. हिंदीत हेच म्हणायचं तर 'मेरे घर के सामने वाले पेड़ के नीचे', झाले आठ. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळं मराठी शब्द लांब. सारखाच मजकूर वाचून हिंदी लेकराच्या खात्यावर आठ पडतात आणि मराठी लेकराच्या खात्यावर तीन. एनसीईआरटीनं २०२२ मध्ये तिसरीच्या मुलांची पाहणी करून वीस भाषांसाठी वेगवेगळे मापदंड ठरवले. हे शहाणपणाचं काम झालं. ते शहाणपण गावातल्या वर्गापर्यंत पोचवायची जबाबदारी ज्यांची आहे, त्यांनी ते अजून पोचवलेलं मला तरी दिसत नाही.

शिवाय लेकरू कोरं करकरीत येत नाही. ते घरची भाषा घेऊन येतं. इथलं पोरगं 'माझं दप्तर' म्हणत नाही, 'मपलं दप्तर' म्हणतं. पुस्तकातली मराठीही त्याला शिकावीच लागते. पलीकडं जिंतूर तालुक्यात तांड्यावरून येणाऱ्या लेकराची आई 'याडी' असते आणि भाकर 'बाटी' असते. त्याच्यासाठी पहिलीचं पुस्तक हीच दुसरी भाषा आहे. मुसलमान मोहल्ल्यातलं लेकरू घरी दखनी बोलतं. आणि २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजीही आहे. सहा वर्षांच्या जिभेवर एवढं ओझं असताना १६ एप्रिल २०२५ रोजी पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला. महाराष्ट्र पेटला, १७ जूनला सुधारित निर्णय आला आणि २९ जूनला सरकारनं दोन्ही निर्णय मागं घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. निर्णय मागं घेतला हे बरंच झालं. पण त्या गदारोळात 'कुठली भाषा' यावर जितकं बोललं गेलं, त्याच्या पावपटही 'कुठल्या वेगानं' यावर बोललं गेलं नाही. सेलू भागातल्या त्या दुसरीतल्या मुलीला 'चारा' वाचायला लागणारा वेळ कुणाच्या भाषणात आला नाही.

मराठवाड्याला तर हे दुखणं घरचं आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं आणि वरच्या शाळांनाही त्याच वळणावर जावं लागत होतं. घरात मराठी बोलणारी पोरं इतिहास-गणित उर्दूतून शिकली. त्या पिढीतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून मी ऐकलं आहे, की गणित येत होतं पण गणितातला प्रश्नच कळत नव्हता. परकी भाषा वाईट नसते. काही म्हातारी माणसं शेवटपर्यंत प्रेमानं उर्दू शेर म्हणत. पण न कळणाऱ्या भाषेत न झेपणाऱ्या वेगानं शिकवलं की लेकराला वाटतं, आपल्यातच काही कमी आहे. हे वाटणं आयुष्यभर जात नाही.

मग या वेगाबद्दल कायदा काय म्हणतो? शिक्षण हक्क कायदा, २००९. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्यं दिली आहेत. एक कर्तव्य, ठरलेल्या मुदतीत सगळा अभ्यासक्रम पूर्ण करणं. त्याच्याच खाली दुसरं : प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पाहून त्याला लागेल ते जादा शिकवणं. दोन्ही एकाच कलमात, एकाखाली एक. मात्र तपासणी होते ती पहिल्याची. पहिल्याला तारीख असते, टक्केवारी असते, तक्ता असतो. दुसऱ्याला लेकराशेजारी बसावं लागतं. त्याच कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस आणि ८०० तास ठरवून दिले आहेत. साठ पटापर्यंत दोन शिक्षक. म्हणजे छोट्या गावात दोन शिक्षक चार-पाच वर्ग सांभाळतात, वर खिचडीच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, मतदार यादीचं काम. या ८०० तासांतून एका लेकराच्या वाट्याला काय येतं, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

आणि काही लेकरं तर अर्धं वर्ष नसतातच. परभणी, बीड, जालना या पट्ट्यातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला कुटुंबं जातात आणि पाडव्याच्या सुमाराला परततात. माझ्याबरोबर वर्गात असा एक मुलगा होता. शाळेचं नाव सांगत नाही. दुसरीत असताना तो गेला तेव्हा आम्ही जोडाक्षरं नुकती सुरू केली होती. परत आला तेव्हा धडे खूप पुढं गेले होते. गुरुजींनी त्याला मागच्या बाकावर बसवलं. दुष्टपणानं नव्हे, त्यांनाही पुस्तक संपवायचं होतं. तो पाढे खाडखाड म्हणायचा, कोयत्याच्या हिशेबात बापाला मदत करायचा, पण पुस्तक समोर आलं की मान खाली घालायचा. चौथीनंतर तो शाळेत दिसला नाही. आता अशा लेकरांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, गावात आजीजवळ राहून मूल शाळेत जाऊ शकतं. तरी जे जातं ते जातंच, आणि परत आल्यावर वर्ग जिथं पोचला तिथून त्याला सुरुवात करायला लावणं हा अन्याय आहे. मला दुसरा शब्द सापडत नाही.

लेकराच्या वेगानं शिकवता येत नाही असं कुणी म्हणू नये, कारण महाराष्ट्रात हे करून झालेलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ मध्ये आणि पुढं कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली. फलटणला मॅक्सिन बर्नसन आल्या त्या फलटणच्या मराठीवर संशोधन करायला. जन्मानं अमेरिकी, पुढं भारतीय नागरिक झाल्या. १९८४ मध्ये त्यांनी प्रगत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या वाचनपद्धतीतला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग म्हणजे क-ख-ग-घ ही रांग त्यांनी मोडली. थोडी अक्षरं आणि एखादी मात्रा असा गट घ्यायचा, त्यातून लगेच अर्थाचे शब्द, मग वाक्य. लेकराला पहिल्या काही आठवड्यांतच 'मी वाचलं' असं म्हणता आलं पाहिजे. 'ङ' आणि 'ञ' ला पहिल्या महिन्यात भेटून सहा वर्षांच्या पोरानं काय करायचं?

मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेनं आणखी साधी गोष्ट केली. कोण कितवीत आहे हे विसरून कोण कुठं अडलं आहे ते बघितलं. अक्षरावर अडलेली एका गटात, शब्दावर अडलेली दुसऱ्या, परिच्छेद वाचणारी तिसऱ्या. दिवसातला एखादा तास या गटांत, बाकीचा वेळ आपापल्या वर्गात. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी मुंबई आणि वडोदऱ्यातल्या 'प्रथम'च्या बालसखी उपक्रमाची मोजमापं केली आणि मागं पडलेल्या मुलांना त्याचा फायदा झाला हे दाखवलं. या दोघांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं. दोन शिक्षकी शाळेला तर हा मार्ग अगदी जवळचा आहे, कारण तिथं वर्ग तसेही एकत्रच बसलेले असतात. 'हुशार पोरांचं काय?' या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. पुढं गेलेलं लेकरू पुढच्या गटात जातं. त्याला 'अजून तीन दिवस हाच धडा' म्हणून बसवून ठेवणं हासुद्धा वेग न ओळखणंच आहे.

साताऱ्याच्या कुमठे बीटात प्रतिभा भराडे यांच्या पुढाकारानं शिक्षकांनी ज्ञानरचनावाद, म्हणजे लेकरानं स्वतः करून शिकणं, वर्गात उतरवला, तो बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम आला. मग जागोजागी फरशा रंगल्या, भिंती बोलक्या झाल्या. रंग चांगलाच. पण कुमठ्याहून आणायची होती ती चाड्यावरची मूठ : लेकराकडं बघून हात सैल-आवळ करायची शिक्षकाला मिळालेली मोकळीक. रंगाचा डबा बाजारात मिळतो, ही मोकळीक वरच्या साहेबानं द्यावी लागते. ती फार थोड्यांनी दिली.

वालूरला तर धडा गावातच उभा आहे. गावातली दगडी बारव, गोल गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची. अशी चक्राकार बारव सगळीकडं सापडत नाही, आणि गावकऱ्यांनीच ती साफ करून पुन्हा उजेडात आणली. दुसरी-तिसरीच्या पोरांना मोठ्यांच्या देखरेखीत काठावर न्या. चिरा, पायरी, कोनाडा, शेवाळ, पाझर. हे शब्द त्यांच्या तोंडात आधीच आहेत, डोळ्यांसमोर आहेत. परत येऊन एकानं एक ओळ लिहावी, दुसऱ्यानं पाच, तिसऱ्यानं नुसतं चित्र काढून खाली 'बारव' लिहावं. हा धडा एक दिवस चालेल किंवा आठवडाभर. समुद्र न पाहिलेल्या पोराला पुस्तकातला समुद्रावरचा धडा घाईघाईनं शिकवून पुढं जाण्यापेक्षा हा आठवडा सोन्याचा आहे. आणि त्या आठवड्यात तक्त्यातला एक धडा मागं राहिला, म्हणून त्या मॅडमना खुलासा मागू नका. मागायचाच असेल तर मुलं अडलेली असताना ज्यानं पुस्तक संपवलं, त्याला मागा.

केंद्रप्रमुखांना, सरपंचांना आणि आईबापांना हात जोडून सांगणं आहे. या आठवड्यात शाळेत जा. धड्याचा नंबर विचारू नका. मागच्या बाकावरच्या एका लेकराजवळ जमिनीवर मांडी घालून बसा, त्याच्या आवडीचं एक पान काढायला सांगा आणि ऐका. ते अडलं तर शब्द सांगू नका, थांबा. मोबाइल खिशातच राहू द्या.